मागच्या तिठ्यानं ये

तंजावूर, १८ ऑगस्ट १९९७

कीर्तना,

आशीर्वाद आधी घे, भांडण मागून कर.

काल तुला पाहिलं. जुन्या बस स्टँडपाशी, तटालगतच्या अलंगम रस्त्याच्या वळणावर. स्कूटीवर पाय ठेवायच्या जागी शांपूच्या पुड्यांचं खोकं, मागं दोरीनं बांधलेलं दुसरं खोकं, डाव्या अंगाला कुंभकोणमची खासगी बस आणि उजव्या अंगाला नारळांनी भरलेली लॉरी. त्या दोघांच्या मधून तू चालली होतीस, जणू घराच्या ओसरीवरून चाललीस. मी फुलं घ्यायला आले होते. माळ हातात तशीच राहिली. हाक मारावी असं तोंडापर्यंत आलं होतं, पण मारली नाही. हाक मारली असती तर तू मान वळवली असतीस. मान वळवली असतीस तर पुढं काय झालं असतं, ते मला भर उन्हात दिसत होतं.

बस निघून गेली, तूही दिसेनाशी झालीस. फुलवाली म्हणाली, अम्मा, पैसे. मी पैसे देऊन माळ तिथंच विसरून आले.

घरापासून हाकेच्या अंतरावर येऊन माल उचलतेस आणि परस्पर पापनाशमला जातेस, हे मला ठाऊक आहे. राजवाड्यामागची आपली गल्ली तुला लांब झाली. त्याबद्दल मी बोलणार नाही. गेल्या दिवाळीआधी तुझे अप्पा जेवताना जे बोलले त्यानंतर कुठल्याही मुलीला घर लांबच होईल. “एक दिवस ही माझ्या टेबलावर फाईल होऊन येईल.” तू पानावरून उठलीस. मी हातात रसमचं भांडं घेऊन उभी होते.

त्यांचंही ऐक जरा. सरकारी बस कचेरीत अपघात विभागात इतकी वर्षं काढली त्या माणसानं. कोण कुठं बसखाली आला, कुणाचा हात गेला, कुणाची बायको भरपाईसाठी बाकावर बसून आहे, हेच रोज लिहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन तेच भाताबरोबर कालवायचं. त्यात मुलगी म्हणाली, मला साबण-शांपूच्या कंपनीत गावोगाव फिरायची नोकरी मिळाली, स्कूटीवरून. त्यांना लाज वाटली असं तुला वाटतं. लाज थोडी वाटली असेल. बाकी सगळी भीतीच होती, आणि ती भीती या घरात जेवून मलाही लागली.

हे पत्र देवनागरीत लिहिते आहे, कारण तुझ्या अप्पांना तमिळ येतं, इंग्रजी येतं, ही अक्षरं येत नाहीत. माझ्या बाबांनी सरस्वती महाल ग्रंथालयातल्या पोथ्या नकलताना मला शिकवली, मी तुला शिकवली. तेव्हा तू कंटाळून पाटी पुसायचीस.

तुझ्या घरमालकीण धनलक्ष्मी टीचर माडीचं दार रात्री आतून लावतात ना? जिन्याला कठडा आहे ना? बाकी खुशाली कळव.

आई


३० ऑगस्ट १९९७

कीर्तना,

तुझं कार्ड पोचलं. चार ओळी. मी बरी आहे, टीचर चांगल्या आहेत, काळजी करू नको, रस्ता मला पाठ आहे. मोडक्या अक्षरांत का होईना, मराठीत लिहिलंस, म्हणून ते देवापाशी ठेवलं.

रस्ता पाठ आहे म्हणतेस. कुठंही न जाता मलाही पाठ आहे, ऐक. करंदैला वडवार नदीचा पूल, तिथं दोन बसा समोरासमोर आल्या की कुणीतरी मागं घ्यायचं असतं आणि कुणीच घेत नाही. एका पोस्टमनची सायकल तिथंच गेली, पोस्टमनसकट. पुढं पळ्ळीअग्रहारमला वेण्णार नदीचा पूल. पूल उतरताना रस्ता एकदम डावीकडं वाकतो, तिथं दूधवाला गेला. मग दोन्ही बाजूंना भाताची शेतं, पाट, नारळ, आणि बघणाऱ्याला वाटावं इथं काय होणार. तिथंच सगळ्यांत जास्त होतं. अय्यम्पेट्टैच्या बाजारात पोरं आडवी पळतात. तिथल्या फाईली मला आठवायच्या नाहीत. तू त्या रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्या ओळखतेस, मी मेलेली माणसं ओळखते.

पूर्वी हा रस्ता एवढा वाईट नव्हता गं. माझ्या लहानपणी बैलगाड्या आणि दिवसाकाठी मोजक्या बसा. आता खासगी बसा एकमेकींचे प्रवासी पळवतात, पुढची बस थांब्यावर दिसली की मागची हॉर्न दाबूनच सुटते. त्यात वाळूच्या लॉऱ्या. गावात जो तो स्लॅबचं घर बांधतो आहे, मग नदीची वाळू रात्रंदिवस रस्त्यावरून धावणार. तिची ओल गळते आणि रस्ता निसरडा होतो. आणि आता कुरुवैचं, पहिल्या हंगामाचं भात कापायला येईल, की शेतकरी पेंढ्या रस्त्यावर पसरतील, बसच्या चाकांनी आपोआप मळणी व्हावी म्हणून. पेंढ्यांवरून स्कूटी नेऊ नकोस. थांब, उतर, ढकलत ने. कुणी हसलं तर हसू दे.

त्रिचीच्या रस्त्याला नोकरी केली असतीस तर तो रुंद तरी आहे. नवं बस स्टँड तिकडं गेलं, नव्या कॉलन्या तिकडं, मोटारींची शोरूमं तिकडं. गल्लीच्या तोंडाशी राहणारी आपली सुप्रभा म्हणते तिचा मुलगाही तिकडंच प्लॉट बघतो आहे. आपलं गाव पश्चिमेला वाढतं आणि पूर्वेकडून जेवतं, पण पूर्वेच्या रस्त्याची कुणी दखल घेत नाही. तुझी कंपनीही बघ, शांपू विकायला तुला पूर्वेलाच पाठवते. खेड्यातल्या बायका आता शिकेकाई सोडून पुडी फाडतात म्हणे. फाडोत. त्यासाठी माझ्या मुलीनं दोन लॉऱ्यांमधून जायची काय गरज.

पापनाशमहून सकाळी रेल्वे आहे. रुळांवर समोरून कुणी ओव्हरटेक करत नाही. विचार कर.

आई


१३ सप्टेंबर १९९७

कीर्तना,

परवा तुला टीचरच्या फोनवर कुणाचा तरी फोन आला आणि तू हॅलो म्हणताच बंद झाला. ती मीच.

सांगते काय झालं. तुझे अप्पा कचेरीतून आले, हातपाय धुतले, पानावर बसले आणि भाताला हात लावेनात. विचारलं तर म्हणाले, भूक नाही. मग म्हणाले, अय्यम्पेट्टैच्या अलीकडं, स्कूटी, बाई होती. नाव विचारलं तर फाईल अजून आली नाही, फक्त फोन आला होता. मग दोघं समोरासमोर बसून राहिलो. ते माझ्याकडं बघेनात, मी त्यांच्याकडं बघेना. कढीपत्ता आणते म्हणून मी उठले आणि चप्पल न घालता कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या फोनवाल्याकडं गेले. आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं फोन लावला. नंबर फिरवताना बोट दोनदा चुकलं. टीचरनी उचलला, मी तुझं नाव घेतलं, जिन्यावरून तुझी पावलं ऐकू आली आणि मग तुझा आवाज. बस. पुढं बोलायला मला श्वासच राहिला नव्हता.

घरी आले तर कढीपत्ता हातात नाही. अप्पांनी विचारलं नाही कुठं गेली होतीस. नुसतं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी गार भात पुढं ओढला आणि सगळा संपवला.

ती बाई कुणाची तरी मुलगी होती. ते आठवलं की मला तो आनंद आठवून लाज वाटते.

आणखी एक सांगते, पण मी सांगितलं असं दाखवू नकोस. ते रोज येऊन उगाच बोलतात, आज पापनाशमला पाऊस नव्हता, आज कबिस्तलमच्या फाट्यावर पंक्चरवाल्याकडं गर्दी होती. मला वाटायचं कचेरीतल्या गप्पा. मग एकदा कृष्णमूर्ती कंडक्टर बाजारात भेटला, तो हसून म्हणाला, अम्मा, तुमच्या लेकीची, पाप्पाची स्कूटी दिसली की आम्ही सगळे सरांना सांगतो, त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलं आहे. पांढरी स्कूटी, मागं खोकं, वेणी घातलेली मुलगी. दिसली तर हॉर्न वाजवायचा नाही, अंतर ठेवून जायचं.

म्हणजे कुंभकोणमची लाइन तुझ्यामागं अंतर ठेवून चालते. तुला कळलंही नसेल.

आई


२९ सप्टेंबर १९९७

कीर्तना,

कार्ड वाचून मी ते उलटं करून बघितलं, कुणी थट्टा तर केली नाही ना. खंडेनवमीला संध्याकाळी येतेस. स्कूटीची पूजा घरी करायची म्हणतेस, अप्पांच्या सायकलीशेजारी उभी करून. ये. ये बाळा.

तुझ्या दोन अटी वाचल्या. दारात उभी राहायचं नाही, आणि रस्त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. दारात उभी राहणार नाही, कोलूच्या खोलीत नवरात्रासाठी मांडलेल्या बाहुल्यांपुढं बसून राहीन. बोलणार नाही, पण लिहिणार नाही असं तू म्हटलेलं नाहीस.

अप्पांना मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरं. मग माळ्यावरून सायकलीचं तेल काढून बसले. सायकलीला तेल द्यायचं कारण काय होतं, कुणास ठाऊक.

आता नीट ऐक. त्या दिवशी आपलं गाव कसं असतं, तुला आठवतं ना? प्रत्येक दुकान, प्रत्येक वर्कशॉप, प्रत्येक बस, प्रत्येक लॉरी यंत्राची पूजा करते आणि दृष्ट काढून कोहळा फोडते, आत कुंकू आणि नाणं घालून, भर रस्त्यात. चारी मोठ्या वीद्यांवर, राजरस्त्यांवर लाल गर नुसता पसरलेला असतो. पूर्वी दुकानं थोडी होती. आता एसटीडीवाला फोडतो, झेरॉक्सवाला फोडतो, केबलवाला फोडतो. आणि एकदा फुटला की त्याला कुणी हात लावत नाही. दुसऱ्याचा उतारा कोण उचलणार? झाडूवालेसुद्धा कडेनं जातात. सण उलटल्यावर वाळून गेला की मग निघतो. तुझे अप्पा सांगतात, त्या संध्याकाळी दुचाकी घसरून जेवढे दवाखान्यात येतात तेवढे महिन्याभरात येत नाहीत.

म्हणून मेल वीदीनं येऊ नकोस. करंदैकडून येशील तेव्हा तटाच्या कडेनं वळ आणि आपल्या गल्लीच्या मागच्या तिठ्यानं आत ये. तिथं एकही दुकान नाही, वर्कशॉप नाही, नुसत्या भिंती आणि राजवाड्याची पडकी कमान. तो रस्ता त्या दिवशी गावात सगळ्यांत कोरडा. मी स्वतः जाऊन बघून आले.

उजेड असताना निघ.

आई


७ ऑक्टोबर १९९७

कीर्तना,

एवढंच लिहायचं आहे की मागच्या तिठ्यानं ये. विसरू नकोस.

सुप्रभा हळदीकुंकवाला आली होती. कोलूपुढं बसून प्रसादाची उसळ, सुंडल खाता खाता म्हणाली, नागलक्ष्मी, मुलगी वर्षानं घरी यायची, गाडीवरून यायची, गावातल्या शंभर डोळ्यांसमोरून यायची, आणि तू तिची दृष्ट काढून ठेवली नाहीस? मी म्हटलं आल्यावर मीठ-मिरच्या ओवाळीन. ती म्हणाली, घरात आल्यावर काय उपयोग, जे लागायचं ते वाटेतच लागतं.

ती गेली. मी सुंडलचं भांडं घासलं. तिचं बोलणं मात्र डोक्यातून जाईना. अप्पांना विचारलं, त्यांनी पंखा मोठा केला.

मी काही करणार नाही. तू फक्त सावकाश ये.

आई


१४ ऑक्टोबर १९९७

कीर्तना,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुझ्या उशीखाली ठेवून जाईन. वॉर्डात बोलता येत नाही, शेजारच्या खाटेवरच्या बाईचे सगळे नातेवाईक कान देऊन बसतात, आणि तुझे अप्पा तुझ्या पायाशी स्टूल टाकून हलत नाहीत. तुझ्या तोंडासमोर बोलायला मला धीरही नाही. वाच, आणि मग जे वाटेल ते कर.

तू सगळ्यांना विचारते आहेस की त्या कोरड्या तिठ्यावर कोहळा कुठून आला. सुप्रभा म्हणाली कुणा मेल्यानं फोडला असेल. नर्सही तेच म्हणाली.

मी फोडला, कीर्तना.

खंडेनवमीला दुपारी अप्पा कचेरीच्या पूजेला गेले. घरात मी एकटी. तुझं निघायचं झालं असेल, आता पापनाशमचं रेल्वे फाटक, आता अय्यम्पेट्टै, असं मी मनात तुला आणत होते, आणि प्रत्येक ठिकाणी मला एक फाईल दिसत होती. मग मी उठले. परसातल्या वेलावरचा मोठा कोहळा काढला. त्याला छेद देऊन कुंकू भरलं, रुपया घातला. ओवाळायला तू नव्हतीस, म्हणून भिंतीवरचा तुझा शाळेतला फोटो उतरवला आणि त्याच्यावरून ओवाळला. तो फोटो, दोन वेण्यांचा. बायकांनी कोहळा फोडायचा नसतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण पुरुष माणूस घरात नव्हता आणि वेळ चालला होता. आणि माणूस ज्या वाटेनं येणार त्या वाटेवर, घराच्या आधी, तिठ्यावरच उतारा ठेवायचा. ती वाट मीच तुला सांगितली होती. गावातला सगळ्यांत कोरडा रस्ता मी स्वतः शोधला आणि मीच तो ओला केला.

कडेला फोडला होता गं. भिंतीच्या अगदी कडेला. पण नंतर पाण्याची ढकलगाडी गेली असेल, त्यातून सांडलं असेल, चाकांनी गर मधोमध आला असेल. मी बघायला परत गेले नाही. उतारा टाकला की मागं वळून बघायचं नसतं.

मी घरी येऊन पाय धुतले आणि तुझ्या अटीप्रमाणं कोलूच्या खोलीत जाऊन बसले. तेवढ्यापुरतं मला खरंच बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. अप्पा आले, अंगणात सायकल पुसायला बसले. स्कूटीचा आवाज आला, अप्पा उभे राहिले, आणि मग तो दुसरा आवाज. मला वाटलं शेजारी पितळेचं भांडं पडलं. अप्पांना तसं वाटलं नाही. तो माणूस अनवाणी पळाला. मी पोचले तेव्हा त्यांच्या मांडीवर तुझं डोकं होतं, तुझ्या पायाकडं बघवत नव्हतं, आणि तुझ्या कपाळावर, ओढणीवर, हातांवर सगळीकडं लाल. कुंकू किती आणि रक्त किती ते मला ओळखता येईना. मी हातानं पुसत होते आणि ते संपत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, पायाचं हाड जोडता येईल, डोक्याचं सकाळी सांगू. ती रात्र मी लिहीत नाही.

सकाळी तू डोळे उघडलेस, पाणी मागितलंस, डॉक्टर म्हणाले डोकं ठीक आहे. तेव्हा मला तुझे कपडे आणायला घरी पाठवलं. ती दसऱ्याची सकाळ. तिठ्यावर आले तर सगळं तसंच पडलेलं. साली, गर, तुझी तुटलेली चप्पल. लोक येत होते आणि लुगडी, धोतरं उचलून कडेनं जात होते. एक मुलगा सायकलवरून आला, चाक घसरलं, सावरला, पुढं गेला. आणि कुणी काही करत नव्हतं, कारण तो कुणाचा तरी उतारा होता. माझा होता.

मी घरातून खराटा, घमेलं आणि चुलीची राख आणली. आधी माझा उचलला. हातानं. मग गल्लीच्या तोंडाशी कुणाचा तरी पडला होता तो उचलला. मग वाटलं, इथंच कशाला थांबायचं. मेल वीदीवर गेले. सुप्रभा दारातून ओरडायला लागली, अगं हात लावू नकोस, सगळ्यांची पीडा तुला लागेल. मी म्हटलं, लागू दे. एसटीडीवाल्याचा उचलला, सायकल दुकानाचा उचलला, झेरॉक्सवाल्याचा उचलला. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. कुणी अडवलं नाही, कुणी जवळही आलं नाही. प्रत्येक साल उचलताना वाटत होतं, आता हे कुणाचं काय माझ्या अंगावर आलं. पण मला तेवढंच हवं होतं, की यायचं ते माझ्या अंगावर यावं.

जुन्या बस स्टँडपर्यंत गेले. तिथं अप्पांनी मला गाठलं. दवाखान्यातून सायकलीवर मला शोधत आले होते, मी कपडे घेऊन आले नाही म्हणून. माझे हात बघितले, घमेलं बघितलं. विचारलं, तिठ्यावरचा कुणाचा होता?

“माझा,” मी म्हटलं.

मला वाटलं ते आता कायमचे गप्प होतील. ते सायकल भिंतीला लावून तिथंच पायरीवर बसले. मग म्हणाले, “इतकी वर्षं आम्ही कारणाच्या रकान्यात ‘ओला रस्ता’ लिहितो. सगळ्यांना ठाऊक असतं कशानं ओला. कोहळा म्हणून कुणी लिहीत नाही. मीही नाही.” आणि उठून त्यांनी माझ्या हातातलं राखेचं भांडं घेतलं. मी उचलत गेले, ते मागून राख टाकत आले. अलंगमच्या वळणापर्यंत. जिथं मी तुला पाहिलं होतं.

एवढंच. तू मला क्षमा करावीस म्हणून लिहिलं नाही. तुला कारण ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

आई


२२ ऑक्टोबर १९९७

कीर्तना,

घरात तू पलीकडच्या खोलीत झोपली आहेस आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहिते आहे. हसशील. पण आपल्याला लिहूनच बोलायची सवय लागली आहे.

त्या दिवशी वॉर्डात मी निघायच्या आतच तू उशीखालचं पत्र काढून वाचलंस, ओठ हलवत, लहानपणी पोथी वाचायचीस तसं. घडी घातलीस. भेटीची वेळ संपली. मी पिशवी उचलली आणि निघाले, तेव्हा तू विचारलंस, रस्ता झाडत होतीस तेव्हा बसा कुठल्या बाजूनं येत होत्या? मी म्हटलं, कुणास ठाऊक, मी खाली बघत होते, पाठ होती माझी.

आणि तू खाटेवर उठून बसलीस, नर्स धावली. “पाठ करून? जुन्या स्टँडच्या वळणावर? आई, एखादी बस आली असती तर?” तुझे ओठ पांढरे पडले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईकसुद्धा वळून बघायला लागले.

तो माझा आवाज होता गं, तुझ्या तोंडून आलेला. तुला माझ्यासाठी तसं भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं. घरी जाताना रस्ताभर मी रडत होते, आणि रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघत होते, तू भ्यालीस म्हणून.

अप्पांनी स्कूटीचं हँडल सरळ करून आणलं आहे. अंगणात सायकलीशेजारी उभी आहे, हळदकुंकू लावून. चाकाखाली लिंबू ठेवलेलं नाही. त्यांनी कचेरीत वरच्या साहेबांना एक अर्ज दिला आहे, की पुढच्या खंडेनवमीला संध्याकाळीच रस्ते झाडून घ्यायला नगरपालिकेला सांगावं. काही होईल असं त्यांना वाटत नाही. न झालं तर घमेलं आहे.

प्लास्टर निघालं की तू पापनाशमला परत जाणार, टीचरनी खोली राखून ठेवली आहे, कंपनीनंही थांबायचं कबूल केलं आहे, हे सगळं तू अप्पांशी बोललीस ते मी दाराआडून ऐकलं. जा. रेल्वेनं जा म्हणून सांगणार नाही. मला भीती वाटायची थांबणार नाही, ती आता माझ्याबरोबरच जायची. पण ती मी तुझ्या वाटेवर टाकणार नाही.

तू निघशील त्या दिवशी मी तिठ्यापर्यंत येईन. हाक मारणार नाही. तुला मागं वळून बघावंसं वाटलंच, तर गाडी थांबव, पाय खाली टेकव, आणि मग बघ. मी तिथंच असेन.

आई